हात मोडला, मग दम का लागला?

आमच्या परिचयाच्या एका शाळेतली ही गोष्ट. पावसाळ्याचे दिवस होते. आठवीतली एक मुलगी खो-खोच्या सरावात सूर मारताना डाव्या हातावर पडली आणि मनगटाजवळ हाड मोडलं. डॉक्टरांनी हाड बसवून कोपराच्या खालपर्यंत प्लॅस्टर घातलं. प्लॅस्टर सहा आठवडे होतं. ते निघाल्यावर घरच्यांनी आणखी महिनाभर जपायचं ठरवलं. या काळात पी.टी.च्या तासाला तिचं काम एकच होतं : लिंबाच्या झाडाखाली बसायचं आणि इतरांच्या चपला व दप्तरं सांभाळायची.

दिवाळीची सुटी संपल्यावर ती पुन्हा मैदानावर आली. हात बारीक झाला होता, मनगट पुरतं वळत नव्हतं. पण तिला नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. पूर्वी ती मैदानाला सहा फेऱ्या सहज मारत असे. आता दुसऱ्याच फेरीला गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली. विज्ञानाच्या बाईंना तिनं विचारलं, ‘‘बाई, मोडला होता हात. पाय तर चांगले होते. मग दम का लागतोय?’’

बाईंनी हा प्रश्न आमच्यापर्यंत पोचवला. प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर शोधताना शरीराच्या कारभाराबद्दल बरंच काही कळतं. आणि एक अवघड गोष्टही लक्षात येते. दुखापत झालेल्या मुलाला आपण ज्या मायेनं ‘तू बस बाळ’ म्हणतो, त्या मायेची किंमत पुढे त्या मुलालाच मोजावी लागते.

राहतं घर आणि रिकामं घर

खेड्यातलं मातीचं घर आपण पाहिलेलं असतं. दरवर्षी पोपडे निघतात, दरवर्षी लिंपण होतं, अंगण सारवलं जातं. घर जसंच्या तसं दिसतं, पण त्यातली माती सतत बदलत असते. माणसं शहरात निघून गेली, की झीज चालूच राहते आणि डागडुजी थांबते. दोन-तीन पावसाळ्यांत भिंत खचते.

आपले स्नायू असेच आहेत. स्नायूंमधली प्रथिनं रोज थोडी मोडतात आणि रोज थोडी नवी घडतात. वापरातल्या स्नायूत मोड आणि घडण यांचा मेळ बसलेला असतो. वापर थांबला, की नवी प्रथिनं घडण्याचा वेग उतरतो. मोड मात्र चालू राहते. परिणामी स्नायू बारीक होतो. यात शरीराचं काही चुकत नाही. स्नायू पोसायला ऊर्जा लागते. जो भाग कामाला येत नाही त्यावर खर्च कशाला, असा हा काटकसरीचा संसार आहे. या काटकसरीत फक्त स्नायू सापडत नाहीत. हाडं, हृदय, रक्ताचं एकूण प्रमाण आणि चेतासंस्था या सगळ्यांवर तिचा परिणाम होतो.

पाच तरुण आणि वीस दिवसांचा आराम

१९६६ साली अमेरिकेतल्या डल्लस शहरात एक प्रयोग झाला. वीस वर्षं वयाचे पाच निरोगी तरुण वीस दिवस अंथरुणावर झोपून राहिले. त्यांना कोणताही आजार नव्हता, दुखापतही नव्हती. फक्त उठायचं नाही, एवढीच अट होती. प्रयोगाआधी आणि नंतर एक गोष्ट मोजली गेली. अगदी जोरात व्यायाम करताना शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, ही ती गोष्ट. ‘दमसास’ असं आपण म्हणतो, त्याचं हे एक चांगलं माप आहे.

प्रयोगाआधी या तरुणांची सरासरी मिनिटाला सुमारे ३.३ लिटर होती. वीस दिवसांनंतर ती सुमारे २.४ लिटरवर आली. म्हणजे तीन आठवड्यांत चौथा हिस्सा क्षमता गेली! हृदय एका ठोक्याला जेवढं रक्त पुढे ढकलत होतं, तेवढं आता ढकलत नव्हतं. त्यानंतर दोनेक महिने त्यांच्याकडून पद्धतशीर व्यायाम करून घेतला. क्षमता नुसती परत आली नाही, तर आधीपेक्षा वाढली.

गोष्ट इथे संपत नाही. तीस वर्षांनी, म्हणजे १९९६ साली, त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. आता ते पन्नाशीचे झाले होते. तीस वर्षांच्या वयवाढीनं त्यांची क्षमता जेवढी घटली होती, त्यापेक्षा जास्त घट तरुणपणी वीस दिवसांच्या अंथरुणानं केली होती.

आता कोणी म्हणेल, आमची मुलगी काही अंथरुणावर नव्हती. ती शाळेत चालत येत होती. बरोबर आहे. म्हणून दुसरं उदाहरण पाहू. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रोज कसून सराव करणाऱ्या खेळाडूंनी सराव थांबवला, पण रोजचं चालणंफिरणं चालू ठेवलं. पहिल्या तीन आठवड्यांत त्यांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी उतरली आणि आठ आठवड्यांत सुमारे १६ टक्क्यांनी. सुरुवातीच्या घटीचं कारण बरंचसं रक्तात असतं. नियमित व्यायामानं शरीरातल्या रक्ताचं, विशेषतः त्यातल्या द्रवभागाचं प्रमाण वाढलेलं असतं. सराव थांबला, की ते उतरतं. हृदयात कमी रक्त भरतं, म्हणून एका ठोक्याला कमी रक्त बाहेर पडतं. तेच काम करायला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. हात मोडला होता, पण सुटी दिली गेली हृदयाला. प्लॅस्टर हाताला होतं. पायांना आणि हृदयाला बसवून ठेवलं ते आपण.

प्लॅस्टरच्या आत काय होतं?

आता हाताकडे वळू. निरोगी तरुणांच्या एका पायाला गुडघ्यावर प्लॅस्टर घालून मोजमाप केलेलं आहे. पाच दिवसांत मांडीच्या पुढच्या स्नायूचा आकार सुमारे साडेतीन टक्क्यांनी कमी झाला, ताकद मात्र ९ टक्क्यांनी. चौदा दिवसांत आकार सुमारे ८ टक्क्यांनी घटला आणि ताकद सुमारे २३ टक्क्यांनी.

हे आकडे विद्यार्थ्यांसमोर फळ्यावर लिहा आणि त्यांनाच विचारा : ताकद फक्त स्नायूच्या जाडीवर अवलंबून असती, तर दोन्ही घटी सारख्याच यायला हव्या होत्या. तशा त्या नाहीत. ताकद आकारापेक्षा दुपटी-तिपटीनं वेगानं जाते आहे. मग उरलेली ताकद गेली कुठे?

ती मुख्यतः चेतासंस्थेत हरवली. स्नायूत हजारो तंतू असतात. त्यांना ‘ओढा’ असा हुकूम मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याकडून येतो. जोर लावायचा तर जास्तीत जास्त तंतूंना, योग्य वेळी आणि भराभर हुकूम जावे लागतात. हे कसब सरावानं येतं आणि सराव सुटला की मंदावतं. म्हणून प्लॅस्टर निघाल्यावर मूल म्हणतं, ‘हात माझा वाटतच नाही.’ त्याचं म्हणणं अगदी शब्दशः खरं असतं.

यातूनच एक आशेची वाट निघते. घट जर काही अंशी हुकूम देणाऱ्याकडे असेल, तर प्लॅस्टरला हात न लावता हुकूम देण्याचा सराव चालू ठेवता येईल का?

उजव्याचा व्यायाम, डाव्याला लाभ

१८९४ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात स्क्रिप्चर या मानसशास्त्रज्ञानं आपल्या सहकाऱ्यांबरोबर एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका हाताच्या मुठीनं रबराचा फुगा दाबायचा सराव रोज करायचा. फुग्याला जोडलेल्या नळीतला पारा किती चढतो, त्यावरून जोर मोजायचा. काही दिवसांनी सराव केलेल्या हाताचा जोर वाढला, यात आश्चर्य नव्हतं. पण ज्या हातानं काहीच केलं नव्हतं, त्याचाही जोर वाढलेला आढळला!

त्यानंतर अशा प्रयोगांची रीघ लागली. अनेक प्रयोग एकत्र तपासले, तर विश्रांती घेणाऱ्या बाजूची ताकद सरासरी ८ ते १२ टक्क्यांनी वाढते असं दिसतं. त्या बाजूचा स्नायू जाड होत नाही. वाढते ती हुकूम देण्याची हातोटी. एका हाताला जोर लावताना मेंदूच्या दोन्ही बाजूंमध्ये हालचाल होते. जणू शेजारच्या वर्गात शिकवलेला धडा भिंतीपलीकडून ऐकू यावा.

दुखापतीत याचा उपयोग होतो का? २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी माणसांचा एक हात बांधून ठेवला आणि काहींच्या मोकळ्या हाताला व्यायाम दिला. ज्यांनी व्यायाम केला, त्यांच्या बांधलेल्या हाताची ताकद बरीचशी टिकून राहिली. २०१३ साली मनगटाजवळ हाड मोडलेल्या पन्नाशीपुढच्या स्त्रियांवर असाच अभ्यास झाला. ज्यांनी चांगल्या हाताचा व्यायाम केला, त्यांच्या मोडलेल्या हाताची पकड बारा आठवड्यांनंतर इतर स्त्रियांपेक्षा चांगली होती आणि मनगटही अधिक वळत होतं.

आपल्या मुलीला लिंबाखाली बसवताना तिच्या उजव्या हातात एक रबरी चेंडू दाबायला दिला असता, तर? खर्च काहीच नव्हता.

लोखंडी बूट

जखमेनंतरच्या व्यायामाला शिस्त आणली ती दुसऱ्या महायुद्धानं. गुडघ्यांना दुखापत झालेले सैनिक महिनोन् महिने रुग्णालयात पडून असत. त्यांना हलका व्यायाम अनेक वेळा करायला सांगण्याची पद्धत होती. पाय शेकडो वेळा हलवूनही जोर काही येत नसे. शिकागोच्या एका लष्करी रुग्णालयात थॉमस डीलॉर्म नावाचे तरुण डॉक्टर होते. लहानपणी संधिवाताच्या तापानं ते स्वतः अंथरुणाला खिळले होते आणि बरं झाल्यावर वजनं उचलून त्यांनी अंगात ताकद आणली होती. हाच उपाय त्यांनी एका सार्जंटच्या दुखऱ्या गुडघ्यावर करून पाहिला. पायाला लोखंडी बूट बांधायचा, त्याला वजनं लावायची आणि गुडघा सरळ करायचा. गुण आला. १९४५ साली त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली.

पद्धतीचा गाभा दोन वाक्यांत सांगता येतो. स्नायूला नेहमीपेक्षा थोडं जास्त काम मिळालं पाहिजे. आणि स्नायू तेवढ्याला सरावला, की काम थोडं वाढलं पाहिजे. वाढत जाणारं वासरू रोज उचलून बैल उचलण्याइतका बलवान झालेल्या ग्रीक मल्लाची, मायलोची, दंतकथा मुलांना सांगा. तत्त्व तेच आहे.

पुढे डीलॉर्म यांनी पद्धत सोपी केली. सलग दहाच वेळा उचलता येईल, अकराव्यांदा नाही, असं वजन आधी शोधायचं. मग त्याच्या निम्म्या वजनानं दहा वेळा, पाऊण वजनानं दहा वेळा आणि पूर्ण वजनानं दहा वेळा. यासाठी आपल्याला लोखंडी बूट नको. पाच लिटरचा एक प्लॅस्टिकचा कॅन पुरे. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. समजा, चार लिटर पाणी दहा वेळा उचलता येतं. तर आधी दोन लिटर, मग तीन, मग चार. पुढच्या आठवड्यात जमलं, तर पेलाभर पाणी वाढवायचं.

एक गोष्ट मात्र ठळकपणे लक्षात ठेवायला हवी. दुखावलेल्या अवयवावर वजन केव्हा घालायचं, हे डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट ठरवतील. चांगल्या अवयवांबाबतही एकदा त्यांना विचारून घ्यावं. पण विचारावं जरूर. पुष्कळदा आपण विचारतच नाही, मग मनाई आहे असं धरून चालतो.

हाडाला भार हवा, पण केव्हा?

हाड मोडलं की तिथे रक्त साकळतं. त्या गाठीत नव्या पेशी शिरतात. दोन-तीन आठवड्यांत दोन टोकांमध्ये कूर्चेसारखा मऊ पूल तयार होतो. मग त्यात कॅल्शियमचे क्षार बसतात आणि पूल कडक होतो. शेवटी या ओबडधोबड पुलाची घडण सुबक होत जाते. हे शेवटचं काम महिनोन् महिने, कधी काही वर्षंही चालतं. मुलांमध्ये हा सगळा प्रवास मोठ्यांपेक्षा लवकर होतो.

पूल मऊ असताना तो वाकता कामा नये, म्हणून प्लॅस्टर. त्या काळात त्या जागेला स्थैर्य हवंच. पण पूल कडक झाल्यावर हाडाला भार हवा असतो. जिथे ताण पडतो तिथे हाड भक्कम होतं, हा विचार युलियस वोल्फ या जर्मन शल्यवैद्यानं १८९२ साली मांडला. टेनिस खेळाडूंचे दोन हात हा त्याचा सुंदर पुरावा आहे. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत व्यावसायिक खेळाडूंच्या खेळत्या हाताच्या दंडाच्या हाडाची भिंत दुसऱ्या हातापेक्षा पुरुषांत सुमारे ३५ टक्के आणि स्त्रियांत सुमारे २८ टक्के जाड आढळली. माणूस तोच, आहार तोच, फरक फक्त भाराचा.

म्हणून ‘हाड जुळलं’ म्हणजे काम संपलं असं नव्हे. क्ष-किरण चित्रात हाड जुळलेलं दिसतं. त्या हाडाभोवतीचा स्नायू दुबळा आहे, सांधा आखडला आहे आणि तोल सावरण्याची सवय मोडली आहे, हे त्या चित्रात दिसत नाही. अशा स्थितीत मूल एकदम सामन्यात उतरलं, तर पुन्हा पडण्याचा धोका असतो. आणि कायमचं बसवलं, तर ते खेळच सोडून देतं. या दोन टोकांमधली पायरी-पायरीची वाट शाळेत कोणाच्या लक्षातच येत नाही.

मुरगळलेला पाय आणि हरवलेला तोल

शाळेत हाड मोडण्यापेक्षा घोटा मुरगळण्याचे प्रसंग जास्त. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो, हा अनुभव अनेकांना असेल. याचं एक कारण असं : सांध्याभोवतीच्या अस्थिबंधांत आणि स्नायूंत सांध्याची स्थिती कळवणारी संवेदनाग्रं असतात. पाय किंचित वाकडा पडला, की ती खबर देतात आणि स्नायू पाय सावरतात. अस्थिबंध ताणले किंवा फाटले की ही खबर देण्याची यंत्रणाही बिघडते. सूज उतरते, दुखणं थांबतं, पण खबर उशिरा पोचते. तोवर पाय पुन्हा मुरगळलेला असतो.

यावरचा व्यायाम अगदी साधा आहे. वेदना ओसरल्यावर भिंतीजवळ एका पायावर उभं राहायचं. आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून. वर्गातल्या सगळ्यांनाच हे करून पाहू द्या. डोळे मिटताच घोट्याची बारीक बारीक हालचाल कशी सुरू होते ते दिसेल. तीच ती सावरासावर.

अशा दुखापतीवर ‘विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच’ हा चार कलमी मंत्र अमेरिकेतल्या गेब मर्किन या डॉक्टरांनी १९७८ साली दिला. तो जगभर पसरला. २०१४ साली त्याच डॉक्टरांनी जाहीरपणे लिहिलं, की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांमुळे भरून येण्याचं काम लांबूही शकतं. पहिले एक-दोन दिवस जपणं आणि मग सोसेल तेवढी हालचाल लवकर सुरू करणं, याकडे आता कल आहे. आपलंच प्रसिद्ध मत पुराव्यानंतर बदलणं, हीसुद्धा मुलांना सांगण्याजोगी गोष्ट आहे.

पी.टी.च्या तासाला काय करावं?

डॉक्टरांना विचारून पुढच्यासारखी आखणी करता येईल.

हात प्लॅस्टरमध्ये असेल, तर मैदानाच्या कडेनं भरभर चालणं, पायऱ्या चढणं-उतरणं, उठाबशा. (उठाबशा शिक्षा म्हणून नव्हे, औषध म्हणून!) पडण्याचा धोका असलेलं धावणं, उड्या आणि गर्दीतले खेळ नकोत. चांगल्या हातानं पाण्याचा कॅन उचलणं आणि चेंडू दाबणं. प्लॅस्टरबाहेर राहिलेली बोटं, कोपर आणि खांदा दिवसातून अनेकदा हलवणं. खांदा आखडण्याचं एक मोठं कारण म्हणजे झोळीत हात अडकवून तो विसरून जाणं.

पाय प्लॅस्टरमध्ये असेल, तर खुर्चीवर बसून दोन्ही हात वर-खाली, पुढे-मागे जोरात हलवणं, पाण्याच्या बाटल्या उचलणं, हवेत ठोसे मारणं. पाच मिनिटांत नाडी वाढते की नाही ते मुलालाच मोजू द्या. हाताच्या व्यायामानंही हृदयाला काम मिळतं, हे त्याला आकड्यांतून कळेल.

किती जोरात? एक घरगुती माप आहे : व्यायाम करताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये.

दुखलं तर? व्यायामानंतर थोडं अवघडल्यासारखं वाटणं स्वाभाविक आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी वेदना किंवा सूज वाढलेली असेल, तर काल जास्त झालं. आज कमी करायचं. व्यायाम बंद करायचा नाही, बेतायचा.

आणि एक इशारा. प्लॅस्टर घातलेल्या हातापायाची बोटं निळी किंवा पांढरी पडली, बधिर झाली, फार सुजली किंवा आत असह्य कळा येऊ लागल्या, तर वाट न पाहता ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावं. आत दाब वाढून स्नायूंचा रक्तपुरवठा तुटत असू शकतो. तिथे तासांना महत्त्व असतं.

वर्गात करून पाहा

साहित्य : सामान तोलण्याचा हुकाचा काटा, दोरी, पाच लिटरचा कॅन.

दोरीचा फास बाकाच्या पायात अडकवा (बाकावर दोघांना बसवा). दोरीला काटा जोडा. उभं राहून, कोपर काटकोनात ठेवून, एका हातानं काटा वर ओढा. तीन प्रयत्नांतला सर्वांत मोठा आकडा नोंदवा. दोन्ही हातांचे आकडे घ्या.

आता निरोगी विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करा. पहिला गट आठवड्यातून तीन दिवस फक्त उजव्या हातानं डीलॉर्म यांच्या पद्धतीनं कॅन उचलेल. दुसरा गट काहीच करणार नाही. चार आठवड्यांनी दोन्ही गटांच्या डाव्या हाताचा जोर पुन्हा मोजा. श्वास रोखून जोर लावायचा नाही, ही सूचना सर्वांना द्या.

दुसरा गट कशाला, असं मुलं विचारतील. विचारू द्या. काटा ओढण्याची युक्ती दुसऱ्या वेळी आपोआप जास्त जमते. ती वाढ कोणती आणि व्यायामानं झालेली वाढ कोणती, हे दुसऱ्या गटाशिवाय ओळखता येणार नाही. फरक लहान असेल, तर एवढ्या थोड्या मुलांत तो योगायोगही असू शकतो, यावरही चर्चा करा. प्लॅस्टर नुकतंच निघालेलं मूल वर्गात असेल आणि त्याची इच्छा असेल, तर दोन्ही हातांचा घेर दर आठवड्याला टेपनं मोजून आलेख काढता येईल. बारीक हात लपवण्याऐवजी तो वर्गाचा अभ्यासविषय झाला, की मुलाची मान थोडी वर होते.

शेवटी

१९४४ साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिल इथे पाठीचा कणा दुखावलेल्या सैनिकांसाठी एक विभाग सुरू झाला. तिथले डॉक्टर लुडविग गुटमान यांनी या रुग्णांच्या उपचारात खेळ आणले. त्याआधी असे रुग्ण अंथरुणावर पडून राहत आणि पाठीला पडणाऱ्या जखमा व जंतुसंसर्ग यांनी दगावत. २९ जुलै १९४८ रोजी गुटमान यांनी चाकांच्या खुर्चीतल्या सोळा जणांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. त्यातूनच पुढे पॅरालिंपिक स्पर्धा उभ्या राहिल्या.

सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर हे सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं अंग लुळं पडलं. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग इथल्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत ३७.३३ सेकंदांचा विक्रम करून त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. काय गेलं आहे यापेक्षा काय उरलं आहे ते कामाला लावणं, हीच त्या उपचाराची रीत होती.

आपल्या वर्गातल्या मुलांच्या दुखापती त्या मानानं किरकोळ असतात. एक मनगट, एक घोटा. उरलेलं सगळं शरीर धडधाकट असतं आणि काम मागत असतं.

त्या मुलीचं पुढे काय झालं? पी.टी.च्या सरांनी तिला आधी चालायला, मग निम्मी फेरी पळायला लावलं. विज्ञानाच्या बाईंनी कॅन दिला. नाडीची वही तिची तीच ठेवू लागली. उन्हाळ्याच्या सुटीआधी ती सहा फेऱ्यांवर परत आली आणि खो-खोच्या संघातही. लिंबाखाली मात्र आता कोणी नुसतं बसत नाही. त्या शाळेत चपला आता झाडच सांभाळतं.

तुमच्या शाळेत वरचा प्रयोग केलात, तर दोन्ही गटांचे आकडे आम्हांला जरूर कळवा. अपेक्षेप्रमाणे आले नाहीत, तरीही.